देशोदेशींचे वार्षिक ऊन कसे मोजावे आणि ताडून पाहावे

एखाद्या ठिकाणी वर्षभरात ऊन किती पडते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी एकाच आकड्यात दिलेले असते. लंडनला सुमारे १,६५० तास, टोकियोला सुमारे १,९००, माद्रिदला सुमारे २,८०० आणि अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या यूमा शहराला सुमारे ४,००० तास. परदेशी राहायला जाणारा, सहलीचा महिना ठरवणारा, सौर पॅनेल बसवू पाहणारा किंवा केवळ कुतूहलाने नकाशा उघडणारा असा प्रत्येक जण हाच आकडा घेऊन निष्कर्ष काढतो, आणि पुष्कळदा तो निष्कर्ष चुकतो. आकडा खोटा नसतो. पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे पाहिलेले नसते. हा आकडा कसा उलगडावा आणि दोन ठिकाणांची तुलना कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे सांगितले आहे.

आकडा नेमका कशाचा आहे, ते आधी पाहा

‘सूर्यप्रकाशाचे तास’ म्हणजे दिवसाच्या उजेडाचे तास नव्हेत. आभाळ पूर्ण झाकोळलेले असतानाही आपल्याला वाचता येईल इतका उजेड असतो, पण तो या मोजणीत धरला जात नाही. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार सूर्याकडून थेट येणाऱ्या किरणांची तीव्रता, किरणांना काटकोनात धरलेल्या पृष्ठभागावर, दर चौरस मीटरला १२० वॉटपेक्षा जास्त असेल तेवढाच वेळ ‘ऊन’ म्हणून मोजला जातो. सोप्या भाषेत सांगायचे तर वस्तूची सावली स्पष्ट पडावी, इतके ऊन असले पाहिजे.

या उंबरठ्याचे दोन परिणाम लक्षात ठेवावे लागतात. पहिला असा की सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वीची काही मिनिटे निरभ्र वाळवंटातही मोजणीतून गळतात, कारण त्या वेळी किरणांना हवेच्या फार जाड थरातून यावे लागते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. उंबरठा एकदा ओलांडला, की १५० वॉटचे कोवळे ऊन आणि ९५० वॉटचे रणरणते ऊन हे दोन्ही या हिशेबात सारखेच ठरतात. तास मोजणारा आकडा उन्हाची लांबी सांगतो, त्याचा जोर सांगत नाही. जोर कसा पाहायचा, तो भाग पुढे येईल.

मग त्याला ४,४०० ने भागा

ही पायरी फारसे कोणी करत नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त उजेड हीच पाडते. पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणी वर्षभरात सूर्य क्षितिजाच्या वर राहण्याचा एकूण वेळ जवळजवळ सारखाच असतो. विषुववृत्तावर तो रोज बारा तासांहून थोडा अधिक म्हणून, तर उत्तर नॉर्वेत उन्हाळाभर न मावळणारा सूर्य आणि हिवाळ्यात न उगवणारा सूर्य या रूपाने मिळतो. वर्षाचे एकूण तास ८,७६०, त्यांचे निम्मे ४,३८०. वातावरणातील वक्रीभवनामुळे, म्हणजे हवेतून येताना किरण वाकत असल्यामुळे, सूर्य प्रत्यक्ष क्षितिजाखाली असतानाही दिसतो, शिवाय सूर्यबिंबाची वरची कड दिसताच आपण उगवला म्हणतो. त्यामुळे विषुववृत्तावरही हा आकडा सुमारे ४,४२० होतो आणि उंच अक्षांशांवर त्यात आणखी थोडी भर पडते. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तेव्हा तिची गती मंद असते, म्हणून उत्तर गोलार्धाचे उन्हाळी अर्धे वर्ष दक्षिणेच्या उन्हाळी अर्ध्या वर्षापेक्षा काही दिवसांनी लांब असते. मात्र तुलनेसाठी ४,४०० हा भाजक सर्वत्र पुरेसा आहे.

आता भागाकार करून पाहा. यूमाला सुमारे ९१ टक्के येतात, म्हणजे तिथे सूर्य वर असताना तो जवळजवळ नेहमी दिसतो. लंडनला ३७ ते ३८ टक्के येतात. विषुववृत्ताला अगदी खेटून असलेल्या सिंगापूरला वर्षाला सुमारे २,००० तास ऊन मिळते, म्हणजे ४५ टक्क्यांच्या आसपास. उजेडाचे तास सगळीकडे सारखे असतील, तर उरलेला फरक जवळजवळ सगळा ढगांचा, धुक्याचा आणि धुरकट हवेचा असतो. उत्तरेकडे दिवस लहान म्हणून तिथे वर्षाचे ऊन कमी, हा समज या एका भागाकाराने दूर होतो. दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट केंद्रावर सलग सहा महिने सूर्य नसतो, तरी तेथील वार्षिक ऊन सुमारे २,९०० तास, म्हणजे लंडनपेक्षा कितीतरी जास्त आहे. उंच, थंड आणि अतिशय कोरड्या हवेत ढग फार थोडे धरतात, एवढेच त्याचे कारण आहे.

अक्षांशावरून अंदाज बांधू नका. ढग कुठून येतात ते विचारा

साधारण ३० अंश उत्तर अक्षांशावरील तीन शहरे घ्या. इजिप्तमधील कैरोला वर्षाला सुमारे ३,४०० तास ऊन मिळते. तिबेटमधील ल्हासाला सुमारे ३,००० तास मिळते. चीनमधील चोंगचिंगला मात्र हजाराच्या थोडे वर. तिन्ही ठिकाणी दुपारचा सूर्य सारख्याच उंचीवर येतो आणि दिवसाची लांबीही सारखीच असते, तरीही फरक तिपटीचा आहे. म्हणून ठिकाणाचा अक्षांश पाहिल्यावर थांबू नये. पुढचा प्रश्न हवेबद्दल विचारावा.

कैरोचे उत्तर पृथ्वीवरील हवेच्या मोठ्या चक्रात सापडते. विषुववृत्ताजवळ तापलेली दमट हवा वर चढते, तिचे ढग होतात, पाऊस पडतो, आणि कोरडी झालेली हवा दोन्ही गोलार्धांत साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते, आणि तिच्यात ढग टिकत नाहीत. सहारा, अरबस्तान, कालाहारी, ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटे ही सगळी याच पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर आहेत. यावरून हेही कळते, की पृथ्वीवरील सर्वांत उन्हाची ठिकाणे विषुववृत्तावर नसून त्याच्या दोन्ही बाजूंना का आहेत. भूमध्य सागराच्या भोवतालचे देश या पट्ट्याच्या उत्तरेला येतात. उन्हाळ्यात पट्टा उत्तरेकडे सरकतो तेव्हा तिथे निरभ्र आकाश असते, आणि हिवाळ्यात तो मागे हटला की पश्चिमेकडून पावसाळी वादळे आत येतात.

चोंगचिंगचे उत्तर भूरचनेत आहे. सिच्वानचे खोरे चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. आत साठलेली दमट हवा सहज बाहेर पडत नाही आणि तिच्यावर ढगांचे झाकण दिवसेंदिवस बसून राहते. ‘सिच्वानची कुत्री सूर्य पाहून भुंकतात’ अशा अर्थाची एक जुनी चिनी म्हण आहे, कारण त्यांना सूर्य हा अनोळखी पाहुणा वाटतो; त्या म्हणीमागे हाच भूगोल आहे. ल्हासा त्या खोऱ्याच्या पश्चिमेला, पण सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. दमट हवेचा आणि धुरकटपणाचा मोठा थर त्याच्या खालीच राहतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत शिकवणारे उदाहरण पेरूची राजधानी लिमा हे आहे. लिमा सुमारे १२ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे भर उष्ण कटिबंधात आहे. तिथे वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस नाही म्हणजे ऊन भरपूर असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात लिमाला वर्षाला सुमारे १,२०० तासच ऊन मिळते, म्हणजे लंडनपेक्षाही कमी. किनाऱ्यालगत वाहणारा हम्बोल्ट शीत प्रवाह पाण्यालगतची हवा थंड करतो. तिच्यावर उतरणारी हवा उबदार असते. खाली थंड आणि वर उबदार अशी उलटी उतरंड तयार झाली, की खालची हवा वर चढू शकत नाही आणि तिच्यात ढगांची पातळ चादर अडकून पडते. त्या चादरीतून पाऊस पडत नाही, फार तर ‘गारुआ’ नावाची बारीक झिमझिम होते, पण सूर्य महिनोन्‌महिने झाकलेला राहतो. पूर्वेकडे चोसिकासारख्या उंचावरच्या गावी गेले, की ही चादर खाली राहते आणि लख्ख ऊन लागते. म्हणूनच लिमाची माणसे हिवाळ्यात उन्हासाठी तिकडे जातात.

याच्या उलट फ्लोरिडातील मायामीत वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. लंडनच्या अडीच पटींहून हा पाऊस जास्त आहे. तरी मायामीचे ऊन ३,१०० तासांच्या वर, म्हणजे लंडनच्या जवळजवळ दुप्पट आहे. तिथला बराचसा पाऊस थोड्या वेळात जोरदार कोसळून जातो आणि आकाश मोकळे होते. लंडनचा पाऊस मात्र थोडा थोडा, पसरट ढगांतून पडतो. तेव्हा पर्जन्यमानाच्या तक्त्यावरून उन्हाचा अंदाज कधीही काढू नये. हा नियम मोडल्याने होणारी चूक लहान नसते.

मध्य अक्षांशांवर आणखी एक प्रश्न विचारावा: समुद्रावरून येणारे वारे आधी कोणाला भेटतात? वायव्य युरोपचा अटलांटिक किनारा पश्चिमी वाऱ्यांच्या थेट वाटेत आहे. ग्लासगो आणि मॉस्को जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण ग्लासगोला सुमारे १,२०० आणि मॉस्कोला सुमारे १,७०० तास ऊन मिळते. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवरील तोर्सहावन येथे १९६१ ते १९९० या काळाची सरासरी साडेआठशे तासांच्याही आतच होती. डोंगर आडवे आले, तर हाच नियम एका देशाच्या आत दिसतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वाऱ्याकडील पश्चिम किनारा ढगाळ आणि प्रचंड पावसाचा आहे, तर तेथील ‘सदर्न आल्प्स’ पर्वतरांगेच्या आडोशाला असलेला ईशान्य कोपरा त्या देशातील सर्वांत उन्हाच्या भागांपैकी एक आहे.

वर्षाचा आकडा महिन्यांत फोडा

आतापर्यंतच्या पायऱ्यांनी वर्षाची बेरीज समजते. पण माणूस वर्षाच्या बेरजेत राहत नाही. तो जानेवारीत राहतो, मग फेब्रुवारीत. म्हणून प्रत्येक ठिकाणाची बारा महिन्यांची ओळ मिळवून ती शेजारी शेजारी मांडावी.

जपानमधील टोकियो आणि कानाझावा ही जोडी त्यासाठी उत्तम आहे. १९९१ ते २०२० च्या सरासरीनुसार टोकियोला वर्षाला सुमारे १,९२५ तास आणि कानाझावाला सुमारे १,७०० तास ऊन मिळते. वार्षिक फरक दोनशे-सव्वादोनशे तासांचा, म्हणजे फारसा चिंता करावा असा नाही. पण जानेवारीत टोकियोला सुमारे १९० तास ऊन असते आणि कानाझावाला सुमारे ६० तास. हा फरक तिपटीचा आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात, कानाझावाच्या बाजूला बर्फाचे ढग आणतात, मधल्या डोंगरांवर ते बाष्प गमावतात आणि कोरडे होऊन टोकियोकडे उतरतात. टोकियोचे आकाश म्हणूनच हिवाळ्यात स्वच्छ असते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जूनमध्ये, पावसाळी ढगांमुळे टोकियोचे ऊन जानेवारीपेक्षाही कमी, सव्वाशे तासांच्या आसपास येते. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवसांचा महिना तेथे उन्हाच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत गरीब महिन्यांपैकी एक ठरतो, ही गोष्ट वार्षिक आकड्यातून कोणालाही कळली नसती.

मोसमी पावसाच्या सर्व प्रदेशांना हेच लागू आहे. दक्षिण आशियाच्या मोठ्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य उंच असतो आणि दिवस मोठा असतो, पण ढगांमुळे ऊन सर्वांत कमी मिळते. तिथे उन्हाचा खरा हंगाम पावसाळा संपल्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा असतो. लंडनमध्ये मात्र ढग आणि दिवसाची लांबी एकाच दिशेने काम करतात. जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमध्ये आठ तासांहूनही लहान असतो, आणि डिसेंबरात ढगही अधिक असतात. राहण्याच्या दृष्टीने पाहणाऱ्याने सर्वांत कमी उन्हाच्या तीन महिन्यांची बेरीज वेगळी काढावी. वार्षिक बेरजेपेक्षा हा आकडा त्याच्या जास्त कामाचा आहे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण झाकोळलेल्या हिवाळ्याचा भार उन्हाळ्याच्या लांब संध्याकाळी आठवून हलका होत नाही.

देशाची सरासरी बाजूला ठेवा

‘स्पेनमध्ये ऊन भरपूर’ हे वाक्य सेव्हिलबद्दल खरे आहे, तिथे वर्षाला सुमारे २,९०० तासांहून अधिक ऊन मिळते. उत्तर किनाऱ्यावरील बिलबाओला मात्र १,६०० ते १,७०० तासांच्या आसपास, म्हणजे पॅरिस किंवा बर्लिनइतकेच मिळते. चिलीचे उत्तर टोक पृथ्वीवरील सर्वांत प्रखर उन्हाचे आहे आणि दक्षिण टोक जगातील सर्वांत ढगाळ किनाऱ्यांपैकी एक. अशा देशाची एकच सरासरी काढली, तर ती त्या देशातील कोणत्याच माणसाच्या उपयोगाची नसते. शक्यतो जवळच्या हवामान केंद्राचा आकडा घ्यावा, आणि ते केंद्र किनाऱ्यावर आहे की आत, डोंगराच्या कोणत्या बाजूला आहे आणि किती उंचीवर आहे, एवढे नकाशावर पाहून घ्यावे.

दोन्ही आकडे एकाच काळाचे आणि एकाच प्रकारच्या मोजणीचे आहेत का?

हवामानाची सरासरी सहसा तीस वर्षांची काढतात, आणि सध्याचा प्रचलित काळ १९९१ ते २०२० हा आहे. पण तक्त्यांमध्ये जुने काळ बिनदिक्कत मिसळलेले असतात. अमेरिकेतील अनेक शहरांचे सूर्यप्रकाशाचे आकडे आजही १९६१ ते १९९० या काळातले दिलेले दिसतात. याने खरोखर फरक पडतो. जर्मनीची देशव्यापी सरासरी १९६१ ते १९९० मध्ये सुमारे १,५४४ तास होती. १९९१ ते २०२० मध्ये ती सुमारे १,६६५ तास झाली. म्हणजे एका शहराचा जुना आणि दुसऱ्याचा नवा आकडा शेजारी ठेवला, तर शंभरेक तासांचा फरक निव्वळ काळाचा असू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकापर्यंत जमिनीवर पोहोचणारे ऊन अनेक देशांत कमी होत गेले. पुढे युरोप आणि उत्तर अमेरिकेत गंधकयुक्त प्रदूषण कमी झाले, तसे ते पुन्हा वाढले. या चढउतारात ढगांतील बदलांचाही वाटा आहे, पण हवेतील सूक्ष्म कणांचा हात त्यात मोठा मानला जातो.

एका वर्षाच्या आकड्यावर तर मुळीच विसंबू नये. मध्य अक्षांशांवर एखादे वर्ष सरासरीपेक्षा कित्येक टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होते. वाळवंटात हा हेलकावा लहान असतो, कारण जिथे आकाश जवळजवळ नेहमीच मोकळे असते, तिथे आणखी मोकळे होण्यास जागा नसते.

उपकरणाचा प्रश्न जुन्या नोंदींमध्ये येतो. जॉन फ्रान्सिस कॅम्पबेल यांनी १८५३ मध्ये काचेच्या गोलाने सूर्यकिरण एकवटून ऊन नोंदवण्याची युक्ती काढली आणि जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८७९ मध्ये तिला आजचे रूप दिले. भरीव काचगोलामागे एक जाड कागदी पट्टी ठेवलेली असते. ऊन असेल तितका वेळ किरण पट्टीवर जळाल्याची रेघ उमटवत जातात, आणि संध्याकाळी त्या रेघेची लांबी मोजली जाते. या उपकरणाला विजेची गरज नाही, आणि दीडशे वर्षांच्या नोंदी त्याच्यामुळेच आपल्याकडे आहेत. त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण ढग येत-जात असतील, तर प्रत्येक छोट्या उघडिपीत जळालेला डाग थोडा पसरतो आणि ऊन प्रत्यक्षापेक्षा जास्त मोजले जाते. उलट पट्टी दमट असेल किंवा काचेवर दव वा हिमकण असतील, तर सकाळचे कोवळे ऊन नोंदलेच जात नाही. नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणे १२० वॉटचा उंबरठा थेट तपासतात. म्हणून दोन ठिकाणांत पन्नास-पंचाहत्तर तासांचा फरक दिसला, तर तो निसर्गाचा आहे असे ठामपणे म्हणू नये. पाचशे तासांच्या फरकाबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही.

ऊर्जा हवी असेल, तर तासांचा तक्ता मिटून ठेवा

सौर पॅनेल, सौर बंब, हरितगृह किंवा धान्य वाळवण यांपैकी कोणत्याही कामासाठी तासांपेक्षा ‘वर्षभरात दर चौरस मीटर आडव्या पृष्ठभागावर किती किलोवॉट-तास ऊर्जा पडते’ हा आकडा घ्यावा. त्यात थेट किरणांबरोबर ढगांतून आणि आभाळातून विखुरून येणारा प्रकाशही धरलेला असतो. अटाकामा वाळवंटाच्या उंच भागात हा आकडा २,५०० च्या वर जातो, सहाराच्या मोठ्या भागात २,२०० च्या पुढे असतो, तर जर्मनीत तो १,१०० च्या आसपास आणि लंडनजवळ १,००० च्या आसपास असतो.

लिस्बन आणि सिंगापूर यांची तुलना इथे डोळे उघडते. लिस्बनला वर्षाला सुमारे २,८०० तास ऊन, सिंगापूरला सुमारे २,०००. तासांत पाहिले तर लिस्बन ४० टक्क्यांनी पुढे आहे. ऊर्जेत मात्र लिस्बन १,७०० च्या थोडे वर आणि सिंगापूर १,६०० च्या आसपास, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या आसपास येतो. सिंगापूरला सूर्य वर्षभर जवळजवळ डोक्यावर येतो. त्याचे ढगही पातळ असतात तेव्हा भरपूर विखुरलेला प्रकाश खाली सोडतात, आणि तो तासांच्या मोजणीत कुठेच दिसत नाही. लिस्बनचे हिवाळी ऊन तिरपे असते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल, तर आडव्या जमिनीवर किरणांचा निम्माच जोर पोहोचतो. १५ अंशांवर असेल तर साधारण चौथा हिस्सा, आणि हवेचा जाड थर त्यातूनही काही काढून घेतो. पॅनेल तिरके बसवण्याचे कारण हेच आहे, आणि अक्षांश जितका जास्त, तितका तिरकेपणाचा फायदा अधिक.

हे आकडे आता सर्वांना विनामूल्य मिळतात. जागतिक बँकेच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘ग्लोबल सोलर ॲटलस’ या नकाशावर कोणत्याही बिंदूवर बोट ठेवले, की तेथील वार्षिक ऊर्जा दिसते. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची ‘पीव्हीजीआयएस’ ही सेवा महिन्यांची ओळ आणि पॅनेलच्या कोनानुसार उत्पादनाचा अंदाज देते. ही माहिती मुख्यतः उपग्रहांनी टिपलेल्या ढगांवरून काढलेली असते, त्यामुळे हवामान केंद्र नसलेल्या ठिकाणांचीही ती मिळते. अरुंद दऱ्या, बर्फाच्छादित डोंगर आणि धुक्याचे किनारे यांच्याबाबतीत मात्र तिच्यावर पूर्ण भार टाकू नये. शिवाय वाळवंटाचा मोठा आकडा पाहून उत्पादनही त्याच प्रमाणात वाढेल असे धरू नये. सिलिकॉनचे पॅनेल २५ अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता गमावते, आणि काचेवर साचणारी धूळ त्यात वेगळी कपात करते.

शेवटची मोजणी स्वतःच्या क्षितिजाची

सर्व तक्ते मोकळ्या क्षितिजाचे असतात. प्रत्यक्ष घर किंवा शेत डोंगराच्या पायथ्याशी असेल, तर हिशेब बदलतो. यासाठी एक साधे गणित पुरते. वर्षातील सर्वांत लहान दिवशी दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल, हे काढण्यासाठी ९० मधून तुमचा अक्षांश वजा करा आणि मग २३.४ वजा करा. लंडनसाठी उत्तर साधारण १५ अंश येते, माद्रिदसाठी २६. सिंगापूरसाठी ६५ च्या वर येते, तिथे डोंगराची सावली हा प्रश्नच उरत नाही.

नॉर्वेतील र्‍यूकान या गावासाठी हे उत्तर ७ अंशांहूनही कमी येते, आणि ते गाव एका खोल, पूर्व-पश्चिम दरीत वसलेले आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत दक्षिणेकडच्या डोंगरामुळे गावाच्या तळाशी थेट ऊन पोहोचतच नाही, मग आकाश कितीही निरभ्र असो. हिवाळ्यात रहिवाशांना वर जाऊन ऊन घेता यावे म्हणून तिथे १९२८ मध्ये रोपवे उभारला गेला, आणि २०१३ मध्ये उत्तरेकडच्या उतारावर तीन मोठे आरसे बसवून गावाच्या चौकात ऊन उतरवले गेले. सूर्याच्या मागे मागे वळणारे हे आरसे सगळ्या गावाला नव्हे, त्या चौकाला उजळतात, आणि लोक तिथे येऊन उभे राहतात.

स्वतःच्या जागेसाठी हे तपासायचे असेल, तर हात सरळ समोर ताणून मूठ आडवी धरा. तिची उंची साधारण १० अंश भरते. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड करून, सपाट क्षितिज जिथे असते त्या पातळीपासून समोरच्या डोंगराच्या, इमारतीच्या किंवा झाडांच्या शेंड्यापर्यंत किती मुठी बसतात ते मोजा आणि वर काढलेल्या अंशांशी ताडून पाहा. अडथळा जास्त उंच निघाला, तर हिवाळ्यातील ज्या महिन्यांत दुपारचा सूर्य त्याच्या खाली राहतो, त्या महिन्यांचे थेट उन्हाचे दुपारचे तास तक्त्यातून स्वतःच्या हाताने वजा करा.